मालवणच्या समुद्रातील राखणदार

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या तिगावातील मुलांस मासा ठाऊक असतो तो नदी-तलावातला, करड्या पाठीचा. प्रवाळांत राहणारा रंगीत मासा त्यांनी चित्रातच पाहिलेला. म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही काही कुटुंबे नागपूर-मुंबईमार्गे कोकण रेल्वेने कुडाळास उतरलो व तेथून मोटारीने मालवण गाठले.

शिवाजी महाराजांनी १६६४ साली ज्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधावयास घेतला, त्याच्या सभोवतालच्या खडकांवर प्रवाळ वाढतात. प्रवाळ म्हणजे केवळ दगड नव्हे. अगणित चिमुकल्या जीवांनी चुन्याचे बांधलेले ते घर आहे. १९८७ साली येथील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले.

तोंडावर काचेचा मुखवटा व श्वासासाठी नळी लावून आमच्यातील तरुण मंडळी पाण्यावर पालथी तरंगू लागली, तोच पट्टेदार माशांचा थवा त्यांच्याभोवती जमला. वीतभर वाढणारा हा मासा अंगाने चपटा असतो. रुपेरी अंगावर पाच उभे काळे पट्टे, पाठीवर पिवळी झाक. या पट्ट्यांवरून इंग्रजीत त्यास ‘सार्जंट’ म्हणतात. तांबड्या समुद्रापासून प्रशांत महासागरातील बेटांपर्यंत त्याची वस्ती आहे. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव व खडकावरील शेवाळ हा त्याचा आहार.

रूपाहून त्याचे वर्तन अधिक नवलाचे आहे. विणीच्या काळी नर खडकाचा एक भाग स्वच्छ करतो. मादी तेथे अंडी चिकटवून निघून जाते. पुढचा सारा भार पित्यावर. त्या दिवसांत त्याचा रंग गडद निळा होतो. परांनी वारा घालावा तसे तो अंड्यांवर ताजे पाणी खेळवितो आणि जवळ येणाऱ्या मोठ्या माशावरही धावून जातो. तो दूर झाला, तर टपलेले मासे अंडी फस्त करतात. पिल्ले बाहेर पडताच प्रवाहाबरोबर निघून जातात. पित्याची त्यांना ओळखही राहत नाही. या मुक्या राखणदाराची कथा ऐकून आमच्या मंडळींस संत योसेफाचे स्मरण झाले.

पुष्कळ प्रवासी होडीतून पाव फेकून हे मासे गोळा करतात. छायाचित्र सुरेख निघते; परंतु पाव हे त्यांचे अन्न नव्हे. विसाव्यासाठी कोणी प्रवाळावर पाय टेकला, तर अनेक वर्षांत वाढलेले घर क्षणात मोडते. त्यात समुद्र तापला की प्रवाळ पांढरे पडतात, ती आपत्ती निराळीच. तापलेला समुद्र निवविणे एकट्या कुटुंबाच्या हाती नाही. पाव आणि पाय आवरणे मात्र आहे.

उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वराने पाचव्या दिवशी जलचरांस आशीर्वाद दिला. मनुष्य तेव्हा निर्माणही झाला नव्हता. सहलीस निघणाऱ्या कुटुंबांनी हे मुलांस अवश्य सांगावे.