'मी' कोणाचा?
तालुक्याच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या त्या प्राध्यापकांची लाल शाई दोनच ठिकाणी अधिक खर्ची पडे. एक जागा संकेतार्थाची. दामल्यांच्या व्याकरणातून (१९११) ही संज्ञा वर्गाला परकी नव्हती. 'तू आला असतास तर मी गेलो असतो' या वाक्यात अट आणि फल एकाच घडणीचे. म्हणून विद्यार्थी 'इफ यू वुड हॅव कम' असे लिहितो. इंग्रजी अटीला 'हॅड' देते, 'वुड' फलासाठी राखते, एवढे दाखवले की बहुतेकांची गाठ सुटे.

अप्रत्यक्ष कथनाची सुटत नसे. 'आई म्हणाली की मी वाट पाहीन' याचे वसतिगृहातल्या एका मुलाने केले, 'मदर सेड दॅट आय विल वेट'. प्राध्यापकांनी 'आय'चे 'शी' केले, 'विल'चे 'वुड'. मुलाने विचारले, आई अजून वाट पाहतेच आहे, मग 'वुड' कशाला?

बोललेले अद्याप खरे असेल तर 'विल' चालते. तो गुण परत मिळाला. 'आय' मात्र देता येईना. मराठी 'की'नंतरही 'मी' मूळ बोलणाऱ्याकडे राहू देते; इंग्रजी तो सांगणाऱ्याच्या हवाली करते. मराठीला अंतर राखता येत नाही असे नव्हे. ऐकीव गोष्टीपासून अंग काढून घ्यायला तिच्याजवळ 'म्हणे' आहे, आणि त्यासाठी काळ बदलावा लागत नाही.

'आई वाट पाहणार आहे म्हणे', प्राध्यापकांनी फळ्यावर लिहिले. मुलाने ते वहीत उतरवून घेतले नाही.