मेंढ्या बसवल्या तेव्हा

खालच्या पट्टीत तीन रात्री मेंढ्या बसवल्या. दिवाळीनंतर कोकणात उतरणारा वाडा, वडिलांच्या वेळेपासून येतो. दोनशेच्या आसपास मेंढरं. मेंढरं उठली की त्याच दिवशी कुळवाची पाळी मारा, लेंडी उन्हात वाळू देऊ नका. आता गहू पेरायचाय.

परवा रात्री वाड्यावर बसलो होतो. पुतण्यानं मोबाईलवर टांझानियाच्या मसाई लोकांचा व्हिडिओ लावला. लाल कापड पांघरलेले गुराखी, आणि समोर पोलीस. धनगर बाबा बघून म्हणाले, "गुरं चांगली राखल्यात. मग पोलीस कशाला?"

मग वाचून काढलं. १९५९ साली इंग्रज सरकारनं त्यांना सेरेंगेटीतून उठवलं, शेजारच्या न्गोरोंगोरोत राहा म्हणाले. तिथं १९७५ ला शेती करायला बंदी आली. सेरेंगेटीच्या पूर्वेला लोलिओंडो आहे, तिथल्या चराईच्या रानात १९९२ साली अमिरातीच्या एका कंपनीला शिकारीचा परवाना दिला. साहेब लोकांच्या विमानाला धावपट्टीसुद्धा झाली. २००९ ला मसाईंच्या वस्त्या जाळल्या. जून २०२२ मध्ये १५०० चौरस किलोमीटरला हद्दीचे खांब रोवायला पोलीस आले. आपल्या हिशोबात जवळपास पावणेचार लाख एकर! गोळ्या चालल्या, बरेच मसाई जखमी झाले, एक पोलीस बाणानं मेला. पुष्कळ लोक बायकापोरांसह केनियात पळाले. आता त्या हद्दीत गुरं गेली की धरतात, दंड नाहीतर लिलाव. आपल्या कोंडवाड्यासारखंच, फक्त जनावरं शेकड्यानं.

सरकार म्हणतं माणसं आणि गुरं वाढली, रान टिकायचं नाही. गुरं वाढली असतीलही. पण मग शिकारीच्या गाड्यांनी रान कसं टिकतं, ते मला दहावी पास माणसाला कळलं नाही.

डॉक्टर मंडळींना हे माहीत असेल. तिथं विल्डबीस्ट नावाचं रानजनावर आहे. पाऊसकाळात ते आखूड गवताच्या माळावर वितं. त्याच्या पिल्लांपासून गाईंना ताप लागतो आणि लागला की गाय बहुतेक जातेच. म्हणून तेवढे दिवस मसाई ते कोवळं गवत सोडून गुरं दुसऱ्या रानात नेतात. माळ मोकळा दिसतो तो असा. हे सांगितलं तर बाबा लगेच म्हणाले, "म्हंजे रान रिकामं नव्हतंच की. येळेपुरतं सोडल्यालं."

आता माझं सांगतो. आमचा वरचा माळ साडेचार एकर, नुसता मुरूम. दसऱ्याला एक पार्टी येऊन बघून गेली. कॉटेज बांधायचेत, पुण्याचे लोक शनिवार-रविवार येतील म्हणे. भाव असा की मी दोनदा विचारून घेतला. सातबाऱ्यावर माझं आणि थोरल्या भावाचं नाव आहे, त्याच्यावर सोसायटीचं कर्ज. वाड्याची जायची-यायची वाट त्याच माळावरनं आहे. ती सातबाऱ्यावर कुठंच नाही. पार्टी पहिलं काम तारेचं कंपाउंड करणार.

बाबांना यातलं काही बोललो नाही. आज पहाटे घोड्यावर बिऱ्हाड लादताना त्यांनी विचारलं, "पुढल्या साली वरनंच यायचं न्हवं?"

मी "या" म्हणालो. भावाला अजून फोन केलेला नाही.