नैरोबीचे सिंह आणि आमची ढोरं



बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही, कारण मी चक्क आफ्रिकेत होतो! मुलगी-जावई दोन वर्षांपासून नैरोबीला आहेत. "बाबा, पासपोर्ट काढलाय तर वापरा की," म्हणत तिनं तिकीटच पाठवलं. पीतज्वराची लस टोचून घेतली, गावाकडच्या पेरण्या आटोपल्याचं भावाकडून कळलं आणि जुलैत निघालो. वर्ध्याहून मुंबई गाठायला जेवढा वेळ लागला, त्याच्या निम्म्या वेळात मुंबईहून नैरोबी आलं.

आफ्रिका म्हणजे ऊन, अशी आपली समजूत. मला तिथे स्वेटर लागला. शहर साडेपाच हजार फुटांहून उंच आहे आणि नावाचा अर्थच मसाई भाषेत 'थंड पाणी'. 1899 पर्यंत इथे शहर नव्हतंच. मोंबासाहून निघालेली रेल्वे इथे पोचली, सामानाचा डेपो पडला, त्याचं शहर झालं. ते रूळ टाकायला तीसेक हजार मजूर आपल्याकडून नेले होते. अडीच हजारांच्या आसपास कामावरच गेले.

भाषेची एक गंमत सांगतो. स्वाहिलीत 'गारी' म्हणजे गाडी, 'दुका' म्हणजे दुकान, 'चाई' आणि 'चपाती' तर आपलेच. 'सफारी' म्हणजे प्रवास, आपल्या 'सफर'चाच सख्खा भाऊ. पण नात्यांमध्ये घोटाळा! 'मामा' म्हणजे आई, 'काका' म्हणजे भाऊ आणि 'दादा' म्हणजे बहीण. धाकट्या भावाला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणतो, "मंग मी तुले आजपासून काय म्हनू?"

वर्ध्याचा माणूस म्हटल्यावर नैरोबी विद्यापीठातला गांधीजींचा पुतळा बघणं आलंच. 1956 साली राधाकृष्णन यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. तिथल्या भारतीयांनी गांधीजींच्या स्मरणार्थ कॉलेजसाठी पैसा उभा केला, त्यात पुढाकार होता आप्पासाहेब पंतांचा. औंधच्या राजाचे हे चिरंजीव 1948 ते 1954 भारताचे तिथले पहिले कमिशनर होते. औंध संस्थान प्रजेच्या हाती सोपवायचं ठरलं, तेव्हा सल्ला घ्यायला हे बापलेक आपल्या सेवाग्रामलाच आले होते. नैरोबीत त्यांनी आफ्रिकी लोकांची बाजू घेतली म्हणून इंग्रज त्यांच्यावर नाराज झाले. शाळेच्या पुस्तकात मी हे कधी शिकवलं नाही, कारण ते तिथे नव्हतंच. असो.

आता सिंहांकडे येतो. मसाई माराला जायच्या आधी मुलीनं शहरालगतचंच राष्ट्रीय उद्यान दाखवलं. 1946 चं, केनियातलं पहिलं, 117 चौरस किलोमीटर. आपल्या बोर व्याघ्र प्रकल्पाचा नुसता गाभाच साधारण 138 चा आहे, म्हणजे त्याहूनही हे लहान. जिराफ पानं ओरबाडतोय आणि त्याच्या मानेमागे वीस-वीस मजली इमारती! तीन बाजूंनी कुंपण आहे, दक्षिणेला मोकळं, जनावरांना ये-जा करता यावी म्हणून. गाडीत सगळे सिंह दिसावा म्हणून टक लावून बसलेले. मीही. आणि दिसली एक सिंहीण, गवतात, आमच्याकडे ढुंकूनही न बघता.

त्या क्षणी मला भाऊ आठवला. त्याचं शेत हिंगणीकडे, जंगलाला लागून. मागल्या हिवाळ्यात वाघानं त्याची गाभण गाय नेली. भरपाई मिळाली, पण तेव्हापासून तो रात्री गोठ्यापाशीच बाज टाकतो. रोही-डुकरांसाठी जागल आधीपासून होतीच. पोरं पुण्याला. ती म्हणतात, ढोरं विकून टाका. तो म्हणतो, विकली तर मी गावात राहून करू काय?

कुंपण नसलेल्या त्या दक्षिणेच्या बाजूला कोण राहतं, असं मी ड्रायव्हरला विचारलं. तो स्वतःच मसाई निघाला. पुढच्या रविवारी त्यानं आम्हाला कितेंगेलाकडे वडिलांच्या 'बोमा'वर नेलं. बोमा म्हणजे काट्यांच्या कुंपणाचा गोठा. म्हाताऱ्यानं माझ्या हातावर हात ठेवला आणि पहिला प्रश्न केला, गाई किती? मी म्हटलं, मी मास्तर, गाई भावाच्या. एक वाघानं नेली. मुलानं सांगितल्यावर म्हातारा बराच वेळ गप्प बसला. मग त्यानं दोन बोटं दाखवली. त्याच्या दोन नेल्या होत्या. 2012 मध्ये याच भागात लोकांनी एका रात्रीत सहा सिंह मारले होते. त्याबद्दल मी विचारलं नाही आणि तो बोलला नाही.

कुंपणावर बारीक दिवे होते, आळीपाळीनं लुकलुकणारे. ही युक्ती रिचर्ड तुरेरे नावाच्या मसाई पोराची. बापाच्या गाई राखता राखता त्याच्या लक्षात आलं, की सिंह स्थिर दिव्याला भीत नाही, हलणाऱ्या बॅटरीला भितो. मग त्यानं गाडीची जुनी बॅटरी, सोलर पट्टी, मोटरसायकलच्या इंडिकेटरचा डबा आणि बॅटरीचे बल्ब जोडून असे दिवे लावले, की कुणीतरी फिरतंय असं वाटावं. तेव्हा तो जेमतेम अकरा-बारा वर्षांचा! 2013 मध्ये कॅलिफोर्नियात जाऊन त्यानं भाषणही दिलं. चाळीस पोरांच्या वर्गात असा एखादा मागच्या बाकावर असतो, आणि आपण त्याला पाढे येत नाहीत म्हणून उभं करतो.

फोटो तिथूनच भावाला पाठवले. तो म्हणाला, "दादा, सिंहाचं ठीक हाय, आपला वाघ लय चालाक. त्याले चार दिवसात समजते का इथं कोनी नाही."

परत आल्यावर त्याच्याकडे गेलो, तर गोठ्याच्या चारी कोपऱ्यांना दिवाळीच्या लुकलुकणाऱ्या माळा! खालच्या अंगाला बाज तशीच होती, त्यावर घोंगडी आणि काठी. मला चहा देत विचारलं, "त्या म्हाताऱ्याच्या पोरानं ढोरं विकाले सांगतलं नाही त्याले?"

म्हटलं, तेवढं विचारायचं राहिलं. ड्रायव्हरचा नंबर आहे मुलीकडे.

"मंग विचार," तो म्हणाला, "आन् गाई कितीक राह्यल्या तेही."