यॉर्कमधला एक शुक्रवार

"एकटाच चाललास? पाठीवर बॅग, तोंडावर दाढी. गर्दीत जरा जपून राहा रे."

सकाळी सकाळी अब्बांचा फोन. लीड्सला शिकायला येऊन मला सहा महिने झाले होते. आदल्याच आठवड्यात भर रस्त्यात एकाने मला पाहून "परत जा" म्हणून आरोळी ठोकली होती. मी ते घरी कळवलं नव्हतं, पण बापाला आवाजावरून कळतंच. "जुम्मा तिथल्या मशिदीतच पढेन, काळजी करू नका," असं सांगून मी निघालो.

लीड्सहून यॉर्क रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत येतं. स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की समोर शहराची जुनी तटबंदी. साधारण साडेतीन किलोमीटरची ही भिंत चढायला पैसे पडत नाहीत, म्हणून माझ्यासारख्या विद्यार्थ्याने सुरुवात इथूनच करावी. रोमन सैन्याने इ.स. ७१ मध्ये इथे छावणी टाकली. ३०६ मध्ये कॉन्स्टंटाईनला सैन्याने सम्राट म्हणून जाहीर केलं ते याच गावी. पुढे त्याने ज्या शहराला आपलं नाव दिलं, ते आजचं इस्तंबूल. ८६६ मध्ये व्हायकिंग आले. त्यांच्या 'योर्विक'चं पुढे यॉर्क झालं. त्यांच्या भाषेतली आणखी एक खूण अजून टिकून आहे: इथे रस्त्याला 'गेट' म्हणतात. वेशीला मात्र 'बार' म्हणतात, पण तो शब्द त्यांचा नाही. "बूथम बारवरून मंक बारपर्यंत गेलो," असं घरी सांगितलं तर अम्मीच्या कपाळाला आठ्याच पडतील!

या दोन वेशींमधल्या भिंतीवरून यॉर्क मिन्स्टर हे प्रचंड चर्च सतत नजरेसमोर राहतं. आजच्या इमारतीचं काम १२२० च्या सुमारास सुरू झालं आणि १४७२ मध्ये पूर्ण झालं. म्हणजे पाया घालणाऱ्यांच्या कितीतरी पिढ्यांनंतर कळस चढला. दिवसभरात तिकीट काढलं ते इथेच. १४०५ ते १४०८ या काळात घडवलेली पूर्वेकडची रंगीत काचांची खिडकी टेनिस कोर्टाएवढी आहे. मान दुखेपर्यंत पाहत राहिलो.

तिथून जवळच शॅम्बल्स ही गल्ली. ही मूळची खाटकांची आळी. वरचे मजले इतके पुढे झुकलेले, की समोरासमोरच्या खिडक्यांतून हस्तांदोलन करावं. मांस टांगायचे आकडे आणि खिडक्यांखालच्या रुंद फळ्या अजून दिसतात. खाटीक मात्र एकही उरला नाही, सगळी दुकानं पर्यटकांसाठी. बाकावर बसून डब्यातली अंडाबुर्जी-चपाती खाल्ली आणि क्लिफर्ड्स टॉवरकडे वळलो.

हिरव्या टेकाडावर एक गोल दगडी बुरूज आणि उतारावर पिवळी डॅफोडिल फुलं. मार्चमध्ये ती फुललेली असतात. मार्चमध्येच, १६ मार्च ११९० च्या रात्री, इथे यॉर्कचे ज्यू संपले. तेव्हा इथला बुरूज लाकडी होता. सलाहुद्दीन अय्यूबींशी लढायला निघालेला राजा रिचर्ड नुकताच गादीवर बसला होता आणि क्रुसेडचा ज्वर गावोगावी चढला होता. त्यात ज्यू सावकारांचं कर्ज अनेकांच्या डोक्यावर. जमाव उठला. सुमारे दीडशे जीव बायकामुलांसह या बुरुजात आसऱ्याला शिरले आणि वेढले गेले. बहुतेकांनी स्वतःच्या हाताने आपल्या माणसांना आणि स्वतःला संपवलं. अभयाच्या आश्वासनावर जे बाहेर आले, त्यांना कापून काढण्यात आलं. मग जमावाने कर्जाची कागदपत्रं त्या काळच्या मिन्स्टरमध्ये नेऊन जाळली. सकाळी जिथे मी काचा पाहून थक्क झालो होतो, तिथेच! टेकाडाच्या पायथ्याशी या घटनेची एक पाटी आहे. ती वाचताना वाटलं, मरणारे आपल्या दीनाचे नव्हते, पण "हे आपल्यातले नाहीत" ही आरोळी तर मी ऐकलेलीच होती.

वॉमगेट बार ओलांडून चालत बुल लेनवरच्या मशिदीत पोहोचलो. वुजू केलं, जुम्मा अदा केला. ही जागा मला मुद्दाम पाहायची होती. मे २०१३ मध्ये लंडनच्या वूलिच भागात एका सैनिकाची मुस्लिम म्हणवणाऱ्या दोघांनी हत्या केली. देशभर संताप होता. काही दिवसांतच 'इंग्लिश डिफेन्स लीग' या संघटनेच्या लोकांनी या मशिदीसमोर निदर्शनं करायचं ठरवलं. मशिदीच्या पाठीशी उभे राहायला शंभरावर माणसं आली, त्यांत मुसलमान नसलेलेही होते. निदर्शक आले जेमतेम पाच-सहा. मशिदीच्या लोकांनी त्यांच्यापुढे चहा-बिस्किटं ठेवली आणि आत बोलावलं. बोलणं झालं, शेवटी फुटबॉलही खेळले.

नमाजनंतर एका बुजुर्गाने "कुठून आलास बेटा?" म्हणून चौकशी केली. महाराष्ट्र म्हणताच चेहरा खुलला. बाहेर पडताना दारापाशी थोडा थांबलो. दार साधंच होतं. त्या दिवशी ते उघडणाऱ्यांना भीती वाटली नसेल असं नाही. शंभर माणसं पाठीशी होती, हा आधारही मोठा. ११९० मध्ये त्या दीडशे जणांच्या पाठीशी शहरातले शंभर उभे राहिले असते तर?

उरलेला वेळ रेल्वे संग्रहालयात गेला. तिथे प्रवेश मोफत आहे आणि १९३८ मध्ये ताशी २०३ किलोमीटर धावून वाफेच्या इंजिनांचा विक्रम करणारं 'मॅलार्ड' उभं आहे.

परतीच्या गाडीत अब्बांना फोन लावला आणि गेल्या आठवड्यातली ती आरोळीही सांगून टाकली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुझ्या शेजारच्या खोलीत कोण राहतं रे?"

सहा महिन्यांत मी त्याचं नावही विचारलं नव्हतं. खोलीवर पोहोचलो, चहाचं आधण ठेवलं आणि त्याचं दार वाजवलं.