रिकामी की भरलेली?

नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो वाहणारी ती जुनी पिकअप गॅरेजमध्ये आली, तेव्हा मालकाची तक्रार एका वाक्याची होती. “सत्तरच्या पुढं गेली की थरथरतीय.” बॅलन्सिंग झालं होतं, अलाइनमेंटही झाली होती. थरथर तशीच.

मिस्त्रीनं पान्याला हात लावला नाही. त्यानं विचारलं, “रिकामी असताना, का माल भरल्यावर?”

“रिकामीच. भरली की गप असतीय.”

मग तो शेजारी बसून चक्कर मारून आला. मोकळ्या रस्त्यावर, वेगात असताना त्यानं गाडी न्यूट्रल करायला लावली. (इंजिन चालूच ठेवायचं, ते बंद केलं की ब्रेकचा बूस्टर साथ सोडतो.) इंजिनाचे फेरे खाली आले, थरथर मात्र हलली नाही. म्हणजे इंजिन आणि त्याची माउंटिंग यांच्यावरचा संशय जवळजवळ मिटला. उरली चाकं आणि प्रोपेलर शाफ्ट.

त्या दोघांची फारकत करायला साधं गणित पुरतं. अशा गाडीच्या टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर. ताशी ८० किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे १० फेरे घेतं. डिफरन्शियलचं गुणोत्तर ४ च्या आसपास असेल, तर शाफ्ट ४०. म्हणून चाकाचा दोष हेलकावा होऊन येतो, पुढचं असेल तर स्टिअरिंगवर, मागचं असेल तर सीटखाली. शाफ्टचा दोष तळाच्या पत्र्यातून घुमत येतो. आणि शाफ्टच्या टोकाच्या सांध्याचा, म्हणजे क्रॉसचा, त्याहून बारीक, कारण कोनात फिरणाऱ्या या सांध्यातून पुढे जाणारा वेग एका फेऱ्यात दोनदा कमीजास्त होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा चढउतार पुसतो, पण दोन्हीकडचे कोन सारखे आणि योक जुळलेले असतील तरच.

या पिकअपला मागच्या स्प्रिंगमध्ये एक जादा पाटा घातलेला होता. जास्त माल ओढायचा म्हणून हे सर्रास केलं जातं. रिकामी गाडी मागून उचलली जाते, शाफ्टचा कोन वाढतो, आणि झिजलेल्या क्रॉसला तो पेलवत नाही. माल भरला की पाटे दबतात, कोन कमी होतो. मालकाच्या उत्तरात अर्धं निदान होतं ते असं.

गाडीखाली क्रॉसच्या टोपीभोवती तांबूस गंजाची पूड दिसली. सेंटर बेअरिंगचं रबरही फाटलेलं. शाफ्ट सोडवण्याआधी मिस्त्रीनं दोन्ही तुकड्यांवर पेंटनं सलग रेघ मारली. ही रेघ टाळणाऱ्यांचा खरोखर राग यावा. स्प्लाइन जागची सरकून बसली, तर योक जुळत नाहीत, नवा क्रॉस घालूनही थरथर उरते आणि गाडीवाल्याचे पैसे वाया जातात.

क्रॉस, सेंटर बेअरिंग नवं आणि जादा पाटा बाहेर. घुमणं थांबलं. स्टिअरिंगवर मात्र हलका हेलकावा राहिलाच; जुन्या गाडीत दोन दोष एकाच वेगाला एकत्र येणं नेहमीचं. पुढची चाकं जॅकवर घेऊन हातानं फिरवली, तर डावा रिमोल्ड टायर एका जागी फुगलेला. असा टायर वजनानं तोलता येतो, गोल करता येत नाही. पुढच्या खेपेआधी तो बदलायचं ठरलं.