फॉर्मवर मी ‘नाही’ लिहिलं

जवळा बाजारात माझं कृषी सेवा केंद्र आहे. खतं, बियाणं, औषधं. बावीस वर्षं मी गिऱ्हाइकाला एकच गोष्ट सांगत आलोय : औषधाचं माप कमी करू नका आणि मधेच थांबू नका. ऐकतं कोण! सोयाबीनवर अळी पडली की पंपात सांगितलं त्याच्या निम्मंच औषध जाणार, दोन दिवसांनी अळी जरा कमी दिसली की उरलेली बाटली कोनाड्यात, आणि आठवड्यानं दुकानात येऊन माझ्यावरच ओरडणार, ‘काय डुप्लिकेट माल देताव का मालक?’ या लोकांवर मी आजवर बरंच तोंडसुख घेतलंय. म्हणून हे लिहिताना जरा लाज वाटते. स्वतःच्या जबड्याच्या बाबतीत मी त्या सगळ्यांचा बाप निघालो.

माझा खालचा जबडा पुढे आलेला होता. शाळेत त्यावरून एक नाव पडलं होतं, ते इथं लिहीत नाही. वरचे दात खालच्या दातांच्या मागं बसायचे, डब्याचं झाकण आत पडावं तसे. समोरच्या दातांनी मला जन्मात काही तोडता आलं नाही. पेरू असो की भाकरीचा पापुद्रा, हातानं मोडून दाढेखाली सारायचा. लग्नाच्या अल्बममध्ये एकाही फोटोत मी हसलेलो नाही. मानपानावरून रुसलो होतो, असं सासरकडच्या काही मंडळींना अजून वाटतं.

मुलगी आठवीत होती तेव्हा तिच्या दातांसाठी परभणीला गेलो. डॉक्टरांनी तिचे दात पाहिले आणि मग बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मी तेव्हा ४४ वर्षांचा. पोरीचं हाड अजून वाढतंय, त्याला वळण देता येतं, ते म्हणाले. तुमचं वाढायचं केव्हाच थांबलं. नुसत्या तारेनं दात हलतील, जबडा हलणार नाही. तो कापूनच मागं घ्यावा लागेल. माझ्या दाढा कशा झिजल्यात तेही त्यांनी आरशात दाखवलं. खरं सांगायचं तर दाढांसाठी मी हो म्हणालो नाही. मला एकदा दात दाखवून हसायचं होतं. बायकोला मात्र दाढांचंच कारण सांगितलं.

वाचण्यात मी कमी पडलो नाही. खालच्या जबड्याचं हाड दोन्ही बाजूंना उभं चिरतात. तुरीचा दाणा भरडला की दोन डाळी सुटतात, तसं. मग एक फाक दुसरीवरून सरकवून जबडा हवा तेवढा मागं न्यायचा आणि टायटॅनियमच्या पट्ट्या नि बारीक स्क्रू लावून आवळायचा. ह्यूगो ओबवेगेसर नावाच्या सर्जननं १९५० च्या दशकात बसवलेली ही रीत. खालच्या ओठाला आणि हनुवटीला स्पर्श पोचवणारी नस नेमकी त्याच हाडातून जाते, म्हणून नंतर तिथं बधिरपणा येतो. वरच्या जबड्याच्या कापाला ल फोर म्हणतात. रेने ल फोर या फ्रेंच डॉक्टरनं प्रेतांच्या कवट्यांवर घाव घालून चेहऱ्याचं हाड कुठल्या रेषांवर फुटतं ते पाहिलं आणि १९०१ साली छापलं. त्यातली सगळ्यांत खालची रेष आता सर्जन मुद्दाम कापतात. माझे दोन्ही जबडे व्हायचे होते : वरचा थोडा पुढे, खालचा मागे.

एवढं वाचलेल्या माणसानं पहिल्याच दिवशी फॉर्मवर ‘तंबाखू’ या शब्दापुढं ‘नाही’ लिहिलं. शेजारी बायको बसली होती. तिला माहीत नव्हतं, असं मला वाटत होतं. वीस वर्षं तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी दुकानाच्या खणात, पावतीपुस्तकांच्या मागं असायची. पुढं संभाजीनगरला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांनी पुन्हा विचारलं, त्या वेळी बायको बाहेर होती. तरी मी ‘नाही’च म्हणालो. एकदा खोटं लिहिलं की दुसऱ्यांदा ते खोडायला जास्त हिंमत लागते.

ऑपरेशनच्या आधी चौदा महिने तार होती. या काळात तोंड सुधारत नाही, आणखी बिघडतं. जबडा वाकडा असला तरी दातांनी इतक्या वर्षांत कलंडून कशीबशी जुळवणी केलेली असते. ती मोडून दात हाडावर सरळ उभे करायचे, म्हणजे कापल्यावर वरचे-खालचे नीट जुळतात. दात सरळ झाले तसा माझा जबडा आणखीच पुढे दिसू लागला. दिसू नये म्हणून मी जास्तीचे पैसे मोजून पांढऱ्या ठोकळ्यांची तार घेतली होती. ठोकळे पांढरेच राहिले, पण त्यांच्यावरचे पारदर्शक रबराचे बारके वेढे पहिल्याच वरणानं पिवळेधमक झाले. हळदीच्या मुलखात राहून एवढं डोक्यात यायला हवं होतं. पुढच्या महिन्यात मुलगी म्हणाली, ‘पप्पा, राखाडी घ्या.’ तिनं स्वतः जांभळे घेतले होते.

ऑपरेशन नोव्हेंबरच्या शेवटी झालं. खरिपाचा माल निघालेला, रब्बीची पेरणी आटोपलेली, दुकान जरा थंड. गावात सांगितलं, मोटरसायकलवरून पडलो. बायको म्हणाली, ‘खरं सांगा की, त्यात काय?’ पण या वयात तोंड सुधारायला गेला म्हणतील, ही भीती. मग गावानं त्या अपघाताला जागा दिली, वेळ दिली आणि शेवटी कारणही दिलं : पिऊन चालवत होता. मी दारूला कधी शिवलो नाही. पण ते सिद्ध करायचं तर पडलोच नव्हतो हे सांगावं लागलं असतं.

तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यांत जास्त असते. मानेवर भोपळा ठेवल्यासारखं दिसत होतं. पंधरा दिवस फक्त पातळ : ताक, वरणाचं पाणी, गाळलेली ज्वारीची आंबील, सगळं मोठ्या सिरिंजनं गालात सोडायचं. पाच आठवड्यांत ६८ किलोवरून ६० वर आलो. दहाव्या-अकराव्या दिवशी काही कारण नसताना रडू आलं, एकदा नाही, रोज. असं होतं हे मला कुणी सांगितलंच नाही, असं मी बरेच दिवस बोलत फिरलो. नंतर रुग्णालयाचा कागद हाती लागला. दुसऱ्या पानावर ते छापलेलं होतं.

आता रबर. वरच्या नि खालच्या तारेच्या आकड्यांना बारीक रबरं अडकवायची, जुळवलेला जबडा जागेवर धरून ठेवायला. पाकिटावर प्राण्यांची चित्रं असतात. कोणता प्राणी म्हणजे किती ताण, ते ठरलेलं. चोवीस तास घालायची, फक्त खाताना नि दात घासताना काढायची. पण रबर घालून दुकानात बोलता येईना. गिऱ्हाईक विचारतं, ‘हरभऱ्याला काय मारू?’ आणि मी दात आवळून गुरगुरतोय. तीन आठवड्यांनंतर मी सकाळी दुकान उघडताना रबरं काढायचो आणि रात्री शटर ओढल्यावर घालायचो. रात्रभर तर असतात की, असा माझा हिशेब. निम्मं औषध!

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी तोंडात जेमतेम दहा सेकंद पाहिलं.

‘रबरं कधी काढता?’

‘फक्त जेवताना.’

‘जेवायला दहा तास लागतात का?’

त्यावरही मी कबूल झालो नाही. रबरं जुनी होती बहुतेक, असं म्हणालो. माल डुप्लिकेट आहे म्हणणारे माझे गिऱ्हाईक तेव्हा आठवले नाहीत, घरी येताना आठवले.

जानेवारीत मित्राच्या शेतावर हुरडा होता. ऑपरेशनला पाच आठवडे झालेले. मऊ खायची परवानगी होती, चावायची नव्हती. हाड धरायला सहा ते आठ आठवडे लागतात, हे मला पाठ होतं. कोवळा हुरडा तो, त्यात चावायचं काय, असं म्हणत बसलो. हुरडा मऊच होता. त्याबरोबरची शेंगदाण्याची चटणी मऊ नव्हती. डावीकडं कट्‌कन आवाज आला. माझं नशीब, हाड हललं नाही. तारेचा एक ठोकळा उडाला होता. त्यापायी तीन दिवस झोप लागली नाही आणि परभणीची एक जादा फेरी झाली.

बधिरपणाचा त्रास वेगळाच. हनुवटीवर वरण ओघळलं तरी कळायचं नाही. चारचौघांत बायको नुसती आपल्या हनुवटीला बोट लावायची, की मी रुमाल काढायचो. एकदा टपरीवर चहा प्यायलो तेव्हा ओठाला काहीच लागलं नाही. घरी आलो तर ओठावर फोड. बहुतेकांची ही संवेदना काही महिन्यांत परत येते, चाळिशीनंतर जरा उशीर लागतो. चहा आधी बोटानं बघून मग प्यायचा, हेही त्या कागदावर होतं. पान तिसरं.

तंबाखू मी ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत खाल्ली. नंतर तीन महिने तोंडच उघडत नव्हतं म्हणून बंद. त्याला सोडणं म्हणता येणार नाही. मार्चमध्ये पुन्हा सुरू. उजव्या गालात धरायचो, डावीकडं जास्त जखम होती म्हणून. मी त्यालाच काळजी घेणं समजत होतो. जूनच्या शेवटी, दुकानात पाय ठेवायला जागा नसते त्या दिवसांत, डावा गाल ठणकू लागला. पेरणी आटपू दे म्हणून बारा दिवस गोळ्यांवर काढले. तेराव्या दिवशी हिरडीतून पू आला.

संभाजीनगरला सर्जननी एक्स-रे पाहिला. हाड जुळलं होतं, पट्टीभोवती जंतुसंसर्ग होता, पट्टी काढावी लागणार होती. मग त्यांनी शांतपणे विचारलं, ‘तंबाखू किती वर्षं?’ खाता का, असं विचारलंच नाही. बायको शेजारीच होती. मी सांगितलं, वीस. तंबाखूनं तोंडातला रक्तपुरवठा कमी पडतो, जखम भरत नाही, पट्टी चिघळायचा धोका वाढतो, असं ते बराच वेळ सांगत होते. माझं लक्ष बायकोकडं होतं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, ‘मला पहिल्यापासून माहीत आहे. तुमचे शर्ट कोण धुतं? खिशात चुना असतो.’

‘मग फॉर्म भरताना बोलली का नाहीस?’

‘तुम्ही लिहीत होता ना.’

या उत्तरावर मी अजून रागावू शकलेलो नाही.

तार त्यानंतर दहा महिन्यांनी निघाली. दात कायम धरून ठेवायला रात्री रिटेनर घालायचा असतो. तोही मी पहिल्या वर्षी लग्नसराईत दोन महिने विसरलो आणि खालचे दोन दात थोडे एकमेकांवर चढले. मुलीचे सगळे जागेवर आहेत. ती आता नांदेडला शिकते आणि रात्री फोनवर आधी रिटेनरचं विचारते. गावात मी आता खरं सांगतो, पण ती मोटरसायकलची गोष्ट लोकांना जास्त आवडते. हसतो मी भरपूर. ओठाच्या डाव्या कोपऱ्याखाली अंगठ्याच्या नखाएवढी जागा बधिर आहे, तिथं वस्तरा जपून फिरवावा लागतो.

काढलेली पट्टी नि चार स्क्रू मी मागून घेतले. दुकानाच्या खणात आहेत, पावतीपुस्तकांच्या मागं.