दुरून राखलेलं शेत

आजोबांनी मला बुद्धिबळ शिकवलं ते पटावरची मधली चार घरं बोटानं दाखवून. ‘‘ही धर. मध्य ज्याचा, डाव त्याचा.’’ मग राजापुढचं प्यादं दोन घरं पुढं जायचं. डावाची दुसरी काही सुरुवात असते, हे कितीतरी वर्षं माझ्या मनातही आलं नाही.

आजोबा गेल्यावर त्याच पटावर मी एक जुना डाव मांडला. न्यूयॉर्कची स्पर्धा, २२ मार्च १९२४. काळी मोहरी कापाब्लांकाची. जगज्जेता, आठ वर्षांत एकही डाव न हरलेला. पांढरी रिचर्ड रेटीची. रेटीनं पहिल्याच खेळीला घोडा काढला. मध्य मोकळा ठेवला. मग दोन्ही उंट दोन कडांना, प्याद्यांनी सोडलेल्या घरांत नेऊन बसवले.

जोंधळ्याच्या रानात राखणदार माळ्यावर बसतो. पिकात पाय घालत नाही, पण गोफणीचा दगड हव्या त्या कणसापर्यंत पोचतो. रेटीचे उंट तसे बसले होते. मधल्या घरांत कुणी उतरलं की ते त्यांच्या टप्प्यात. एकतिसाव्या खेळीनंतर कापाब्लांकानं हार मानली.

त्याच स्पर्धेत तार्ताकोव्हर नावाचा खेळाडू प्राणिसंग्रहालयातला ओरांगउटान पाहून आला, वजिराकडच्या घोड्यापुढचं प्यादं दोन घरं टाकलं आणि त्या सुरुवातीला त्या प्राण्याचंच नाव दिलं. त्याआधी, १९२१ मध्ये बुडापेस्टला अलेखिननं आपला घोडा पांढऱ्या प्याद्याला जणू डिवचायला पुढं धाडला. प्यादी त्याच्या मागं धावतात, पुढं पुढं जातात. आणि प्याद्याला परतीची वाट नसते. जितकी पुढं, तितकी राखायला अवघड.

रेटी जन्मला ते ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य १९१८ मध्ये मोडलं. मध्यावर ठाण मांडून बसलेली सत्ता ढासळताना या खेळाडूंच्या पिढीनं डोळ्यांनी पाहिली होती. पटाकडे बघताना मला ते सारखं आठवतं.

आणि आठवते आजोबांची खाट. शेवटच्या वर्षांत ती माजघरातून ओसरीच्या कोपऱ्यात गेली. मला तेव्हा वाईट वाटलं होतं. पण कोण आलं, कोण न जेवता निघालं, कुणाचा आवाज आज उतरलाय, सगळं त्यांना तिथून कळायचं. हाक यायची, ‘‘थांब जरा, दोन घास खाऊन जा.’’

पट आवरताना पांढरा उंट मी सर्वांत शेवटी उचलतो.